राब मी पेटवला होता, बाय

बाय, तुझ्या पास्टरला मी तिसऱ्या दिवशी अंगणातून हाकलून दिलं. दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालण्याआधी मीच सांगतो. बिचारा जव्हारहून जीपनं आला होता आणि शेवटचा चढ चालत चढून पाड्यावर पोचला होता. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. लहानूभाऊजींचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "चांगल्या माणसालाच प्रभू आगीतून काढतो. सोनं असतं तेच आगीत घालतात ना?" तो आग म्हणाला आणि माझं टाळकं फिरलं. मी म्हणालो, "साहेब, आगीबद्दल तुम्ही काही बोलू नका. चपला घाला आणि निघा." भाऊजी मान खाली घालून बसले. तो गेला आणि पायवाटेच्या वळणावर थोडा वेळ उभा राहिला, बहुधा मी परत बोलावीन म्हणून. मी बोलावलं नाही.

तू असतीस तर मला चारचौघांत झापलं असतंस. मग त्याला आत बसवून नागलीची भाकर आणि उडदाचं वरण वाढलं असतंस आणि मलाच पाण्याचा तांब्या भरून आणायला लावलं असतंस. पण तू नाहीस. शेताच्या कोपऱ्यात, आंब्याखाली, तुला मातीत ठेवून आज अकरा दिवस झाले. मी शाळेत रजा टाकून मोखाड्याच्या खोलीत बसलोय आणि मला तुझा राग येतोय. रडू येईल असं वाटलं होतं. ते येतं अधूनमधून, पण राग काही केल्या जात नाही.

लोक मला सांगतात, गुरुजी, तुमची बहीण देवमाणूस होती. होतीच. आईबाप गेल्यावर तिसरीतून शाळा सोडून तू मला वाढवलंस. आश्रमशाळेत पोचवायला डोक्यावर माझी ट्रंक घेऊन सूर्यमाळच्या उतारावरून चालत यायचीस. परत जाताना एकटी जायचीस, वळून बघायची नाहीस, कारण वळलीस तर मी रडत मागं पळत यायचो. ही नोकरी, ही खोली, हे शाईचं पेन, सगळं तुझ्या पायांवर आलंय. हे मला मान्य आहे. मान्य आहे म्हणूनच जास्त जाच होतो.

आणि तुझ्यासारखीच्या वाट्याला आलं काय? धाकटा पोरगा दोन वर्षांचा होऊन जव्हारच्या दवाखान्यात दगावला. तेव्हा प्रत्येकजण तुझ्याकडं कारण घेऊन आला. भगत म्हणाला, कुणाची तरी नजर आहे. सासू म्हणाली, अमुक दिवशी ओलांडायला नको होतं तेच ओलांडलंस. मी शिकलेला, मी म्हणालो, "बाय, दोन दिवस आधी आणायला हवं होतंस." पोराचं अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं आणि मी हे म्हणालो. त्या वॉर्डात एक बाई होती, दर मंगळवारी पेशंटांसाठी प्रार्थना करायला यायची. ती तुझ्या शेजारी फरशीवर येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. तुझ्या ख्रिस्ती होण्याची सुरुवात तिथं झाली. गावाला वाटलं, कुणी काही आमिष दाखवलं असेल. मी एकदा विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "ती काय बोलली नाय ना, म्हणून."

त्यानंतर आपला वाद सुरू झाला आणि तो मी चौदा वर्षं चालवला. सुट्टीत वर आलो की तुझ्या ओट्यावर बसायचं, तू समोर भाकर थापत असायचीस आणि मी तेच तेच विचारायचो. "बाय, तुझा देव चांगला आहे ना? मग चांगल्या माणसालाच का घोळसतो, का छळतो?" तू कधी तोंड चुकवलं नाहीस. पण पास्टरसारखं सोन्याबिन्याचंही बोलली नाहीस. तू म्हणायचीस, "देव असा का होऊ देतो ता माना ठाव नाय. जो रडतो त्याचे बाजूला तो येऊन बसतो, तेवढा ठाव हाय." मी हसायचो. म्हणायचो, बाजूला बसून काय उपयोग, हात धरता येत नाही त्याला? मग तू एकदा भाकर तव्यावर टाकून माझ्याकडं नीट बघितलंस आणि म्हणालीस, "मास्तर, येशूला खिळे देवानं ठोकले का रं? माणसांनी ठोकले. तो चांगला होता म्हणून काय सुटला नाय." मी म्हणालो, हे काही उत्तर नाही. तू म्हणालीस, "बरा," आणि भाकर उलटलीस.

आता खरं काय ते लिहितो.

अकरा वर्षांपूर्वीची, वैशाखातली दुपार होती. शाळेला सुट्टी लागली होती, पण मोखाड्याला दुपारी आमचं कसलंसं प्रशिक्षण ठेवलं होतं. माझ्या वाटणीच्या शेतात राब तू आणि भाऊजींनीच रचून दिला होता. खाली शेण, त्यावर ऐनाच्या डहाळ्या आणि पाला, वर गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ हात. पावसाआधी रोपाची जमीन अशी भाजून घ्यायची, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. आणि तेच पोर हेही जाणतं की राब पेटवायचा तो वारा पडल्यावर, आणि वारा ज्या टोकाकडं जातो तिकडून काडी लावायची. म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध रांगत येते, हाताबाहेर जात नाही. मी भर बारा वाजता, वारा जिकडून येत होता त्या टोकाला काडी लावली. भोवतालचं गवतही खरवडून काढलं नव्हतं. मला दोनची जीप गाठायची होती आणि वाटलं, असं केलं की लवकर आटपेल. पंधरा वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाची ही अक्कल.

दहा मिनिटं थांबलो, बरं पेटलंय असं स्वतःला सांगितलं आणि उताराला लागलो. रस्त्यावर पोचून जीपच्या पायरीवर पाय ठेवताना मागं वळून बघितलं. धूर राबाच्या धुरापेक्षा काळा होता. माझ्या शेतावर नव्हता, तुझ्या घराच्या अंगाला होता. मी ते बघितलं, बाय. बघितलं आणि जीपमध्ये बसलो.

संध्याकाळी वर आलो तेव्हा तुझा गोठा नव्हता. पेंढा जळाला होता, पवळ्या बैल दाव्याला बांधलेला तसाच जळाला होता आणि दुसऱ्या बैलाच्या पाठीवर भाऊजी खोबरेल लावत होते. लोक सांगत होते, तू पहाटेपासून झऱ्यावर बसून वाटी वाटीनं भरलेले दोन हंडे घेऊन येत होतीस आणि ते दोन्ही तू आगीवर ओतलेस. अर्ध्या दिवसाचं पाणी. पाड्यात दुसरं पाणी नव्हतंच. सगळा उतार काळा झाला होता, माझा राबही त्यातच, म्हणून सगळे धरून चालले की वरून जंगलातून वणवा उतरला. मी म्हणालो, "माझाही राब त्यातच गेला." एवढं एकच वाक्य बोललो मी. रावजीबाबा, पाड्यातला जाणता माणूस, तुझ्याकडं काठी रोखून म्हणाला, "वाघदेवाचा नारळ बंद केलास ना? आता भोग." बाया मागं सरकल्या. मी तिथं मूग गिळून उभा होतो. तुझ्या दोन्ही कोपरांवर फोड आले होते. तू माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "मास्तर, जेवलास का?"

मी हो म्हणालो. प्रशिक्षणात पुरीभाजी होती.

त्या वर्षी एका बैलावर जेवढी झाली तेवढीच शेती झाली. दिवाळी होताच तू, भाऊजी आणि तुमची लेक सुनी भिवंडीकडं वीटभट्टीवर गेलात. सुनी माझ्याच शाळेत होती, सातवीत. अक्षर असं की मी तिची वही इतर पोरांना दाखवायचो. तिच्या नावापुढं हजेरीपटावर 'स्थलांतर' मी लिहिलं, माझ्याच हातानं. ती परत आली ती उन्हाळ्यात, हात चिखलानं भेगाळलेले, आणि शाळेत काही आली नाही. मी तुझ्या घरी येऊन भाषण दिलं, मुलीला शिकवायला पाहिजे वगैरे. तू ऐकून घेतलंस.

आणि तरीही मी ओट्यावर बसून विचारतच राहिलो, तुझा देव चांगल्या माणसाला का घोळसतो! किती निर्लज्ज असावं माणसानं! आता कळतं, मला तो प्रश्न सोडवायचा नव्हताच. तो देवाच्या गळ्यात अडकवून ठेवला की माझी मान मोकळी राहत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रावजीबाबा वाघदेवाचं नाव घेत होता, पास्टर परीक्षेचं, आणि मी तुझ्या येशूला जाब विचारत होतो. राब कुणी पेटवला, हे कुणीच विचारत नव्हतं.

त्या वर्षापासून आणखी एक सुरू झालं, ज्याची मला भयंकर चीड यायची. मी सुट्टीत वर यायच्या आत माझा राब भाजून झालेला असायचा. कडेचं गवत साफ काढलेलं, राख सारखी पसरलेली. "मी काय लुळा आहे का?" असं विचारलं की म्हणायचीस, "तू उन्हात कशाला? पोरांचं पेपर तपास जा." मी घरी येऊन बायकोला सांगायचो, आमची बहीण पुण्य जमवतेय. तुझा चांगुलपणा मला टोचायचा आणि मी त्याची टिंगल करायचो.

मग पोटातली गाठ आली. जव्हारच्या दवाखान्यात तू पंधरा दिवस होतीस, वाळून काडी झालेली. एका सकाळी भाऊजी चहाला खाली गेले होते. मी तुझ्या खाटेला धरून म्हणालो, "बाय, त्या वर्षी..." एवढंच म्हणालो होतो. तू हात वर केलास. म्हणालीस, "माना नको सांगू." आणि भिंतीकडं तोंड केलंस. मला वाटलं, दुखतंय. खरं सांगतो, सुटलोही असं वाटलं. झाकली मूठ राहिली, म्हटलं. दोन दिवसांनी तू गेलीस.

तुला पुरल्यावर पाचव्या दिवशी माझ्यानं राहवेना. भाऊजी खळ्यात भात झोडत होते, तिथं जाऊन मी सगळं सांगून टाकलं. वारा, काडी, जीप, सगळं. त्यांनी हातातला भारा पुरता झोडला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ठाव हाय."

"कसं ठाव?"

"तिना बघितला ना. झऱ्यावरून हंडं घेऊन उतरत व्हती. तू काडी लावलीस ती बघितली. वरडली पण, तुला आयकू नाय गेला. तू जीपमधी बसलास ता बी बघितला."

मी विचारलं, मग बोलली का नाही? तुम्ही का नाही बोललात?

"माना शपथ घातली व्हती. म्हणं, त्याचा त्यालाच सांगू द्या. आपण सांगला तं तो परत खोटा बोलंल, मंग त्याला कधीच खरा बोलता यायचा नाय." मग दुसरा भारा उचलत म्हणाले, "दोन वर्षं मी तुझेशी धड बोललो नाय. तुला कळला पण नाय."

खरंच कळलं नव्हतं.

आता तू मला सांग, हे काय केलंस? अकरा वर्षं! अकरा वर्षं तू माझ्यासमोर भाकरी थापत बसलीस, मी तुला विचारत होतो की चांगल्या माणसाला कोण छळतं, आणि तू उत्तराकडंच बघत होतीस. खिळे माणसांनी ठोकले म्हणालीस तेव्हा माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस. मला कळलं नाही तर पाठीत एक धपाटा घालायचा होतास! लहानपणी आंबे चोरले तर शेतभर पळवून मारायचीस मला. शिवी द्यायची होतीस, हाकलून द्यायचं होतंस, माझ्या शाळेत येऊन पोरांसमोर ओरडायचं होतंस. तू राब भाजत राहिलीस. पुण्य कसलं, तुझा माझ्या काडीपेटीवर विश्वास नव्हता, एवढंच! हे कळलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की मी तुझ्या आंब्याखाली जाऊन मातीला लाथ मारली. मारली लाथ. माफी मागत नाही.

तू थांबलीस माझ्यासाठी, हे मला समजतं. कुणी कुणासाठी एवढं थांबत नाही, हेही समजतं. पण तुझ्या थांबण्याची किंमत सुनीनं भरली, याचा विचार केलास? तू तुझ्या भावाला वाचवत होतीस की पोरीला विसरली होतीस? हा वाद अजून मिटलेला नाही, बाय. याचं उत्तर मी तुझ्याकडून घेतल्याशिवाय राहणार नाही, जिथं कुठं तू असशील तिथं.

दहाव्या दिवशी तुझ्या अंगणात प्रार्थना ठेवली होती. पास्टर आला, माझ्याकडं न बघता आला, पण आला. माणूस बरा आहे. पाड्यातलेही आले, तुझ्या हातचं खाल्लेले सगळे. रावजीबाबा आता ऐंशीचा झालाय, त्याला नातवानं धरून आणलं. तू 'माना नको सांगू' म्हणालीस, म्हणजे ज्यांना सांगायला हवं त्यांना सांग, असं मी धरलं आणि उठून उभा राहिलो. शाळेत बोलतो तसा खणखणीत आवाज काढायचा प्रयत्न केला, तो फाटला. मी म्हणालो, वणवा नव्हता. राब मी पेटवला होता, भर दुपारी, वाऱ्याच्या बाजूनं. आग लागलेली बघून पळून गेलो. बायच्या देवाचा यात काही संबंध नाही, वाघदेवाचाही नाही.

 मला वाटलं, आता काठी पडेल. मी खांदे आवळून उभा होतो.

रावजीबाबा खोकला आणि म्हणाला, "अरं, काडी तुझी असंल. हात तर वाघदेवानंच धरला ना तुझा? नायतर तू शिकलेला माणूस असा उलटा कसा पेटवशील?" माणसांनी माना डोलावल्या. आणि पास्टर, देव त्याचं भलं करो, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, प्रभूची योजना आपल्याला कळत नाही. त्यानं तुमच्या चुकीचाही उपयोग करून घेतला." आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं असेल! मी अकरा वर्षांनी तोंड उघडलं आणि दोघांनी मिळून माझा गुन्हा माझ्या हातातून काढून घेतला. एकानं वाघाला दिला, दुसऱ्यानं येशूला. जो तो चहाच्या कपाकडं वळला.

मी ओट्याच्या कडेला बसलो. कुणीतरी माझ्या हातात चहा दिला, तो तसाच धरून बसलो. मग सुनी आली. पोशेऱ्याला दिलीय ती, तुला सांगायला नको. दोन पोरांची आई आहे आता, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात असते. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावरूनच कळलं. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, हजेरीवर 'स्थलांतर' तूच लिव्हलास ना?"

मी हो म्हणालो.

"लिव्हताना तुला ठाव व्हता?"

"ठाव होतं."

 मागं पास्टरनं गाणं सुरू केलं होतं, तुझ्या आवडीचं, आणि बाया सुरात सूर मिसळत होत्या. सुनी म्हणाली, "आयनं तुला माफ केला असंल. ती तिची गोष्ट. मी नाय केला." मग तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला, भरलेलाच होता, आणि आत घेऊन गेली.

बाय, सांगायला लाज वाटते, पण मला त्यानं बरं वाटलं. तिनं वाघाचं नाव घेतलं नाही आणि प्रभूचंही नाही. माझं घेतलं. सगळ्या अंगणात तेवढी एकच मला माणूस समजून बोलली.

रविवारी मी पोशेऱ्याला तिच्या घरी जाणार आहे. ती दार उघडेल असं नाही, उघडलं तरी आत घेईल असं नाही. काय बोलायचं हेही ठरवलेलं नाही. तू मध्ये पडायला नाहीस, हे एक बरं झालं.